काचबिंदूचे ड्रॉप: बाटली संपते पण थेंब डोळ्यात जातच नाही, या चुका टाळा

आमचे नाना नाशिकच्या सिडकोत राहतात, वय ७२, काचबिंदूचं निदान होऊन चार वर्षं झाली. रोज रात्री जेवण झालं की ड्रॉप, एक दिवस खाडा नाही, आम्हालाही कौतुक वाटायचं काय शिस्त आहे माणसाला. तरी मागच्या चेकअपला डोळ्यातलं प्रेशर २६ निघालं, म्हणजे जास्तच. डॉक्टर दुसरा ड्रॉप लिहायला लागलेच होते, तेवढ्यात त्यांच्या काय मनात आलं, म्हणाले काका, बाटली आणलीये ना, जरा माझ्यासमोर टाकून दाखवा. नानांनी मान वर केली, बाटली जवळ आली तसा डोळा गच्च मिटला, थेंब पापणीवर पडून गालावर ओघळला, लगेच रुमालाने पुसला आणि म्हणाले "झालं". मग स्वतःलाच खात्री वाटेना म्हणून दुसरा, मग तिसरा. डॉक्टर काही बोलले नाहीत, फक्त पेन खाली ठेवला.

बाटली पंधरा दिवसांत का संपते हे तेव्हा कळलं, आणि आम्ही इतके दिवस कंपनीवाल्यांना नावं ठेवत होतो की कमी भरतात म्हणून. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब निघतात, म्हणजे दोन्ही डोळ्यांत रोज एकेक टाकला तर महिना आरामात जायला हवा. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची बाटली निम्म्यात संपत असेल तर थेंब बाहेर जातोय, आणि दोन-अडीच महिने पुरत असेल तर सरळ समजा खाडे होतायत. विचारून उपयोग नाही, सगळे "टाकतो की" असंच म्हणतात, त्यापेक्षा एकदा शेजारी बसून टाकताना बघा.

टाकायची पद्धत अशी. हात धुवा, मान मागे करा किंवा सरळ आडवे व्हा, खालची पापणी बोटाने जरा ओढली की तिथे खोबण होते, थेंब त्या खोबणीत पडला पाहिजे, बुबुळावर नेम धरायची गरज नाही. बाटलीचं टोक पापणीला, केसांना लागू द्यायचं नाही, नाहीतर जंतू आत जातात. हात थरथरत असेल तर बाटलीचा हात कपाळावर टेकवा. आणि नानांसारखं डोळा मिटायची सवय असेल तर एक सोपा उपाय: आडवं व्हायचं, डोळा मिटूनच ठेवायचा, नाकाकडच्या कोपऱ्यात थेंब सोडायचा आणि मग डोळा उघडायचा, तो आपोआप आत जातो. बाटली फ्रीजमधली गार असेल तर थेंब पडलेला लगेच कळतो, म्हणजे "पडला का नाही" करत दुसरा टाकणं वाचतं. एकच थेंब पुरतो हो, डोळ्यात त्यापेक्षा जास्त मावतच नाही. एवढंच बदललं आणि पुढच्या वेळी नानांचं प्रेशर १७ आलं.

थेंब गेल्यावर पापण्यांची उघडझाप करू नका. डोळा अलगद मिटून नाकाच्या मुळाशी, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचं. तिथून नाकात नळी जाते, औषध तिकडून उतरतं म्हणून तर काही ड्रॉप टाकले की घशात कडू लागतं. नुसतं कडू लागलं तर ठीक, पण ड्रॉपमध्ये टिमोलॉल नावाचं औषध असेल तर ते रक्तात जाऊन नाडी मंद करतं आणि दमेकऱ्याला धाप लावू शकतं. दमा किंवा हार्टचा त्रास असेल तर डोळ्याच्या डॉक्टरने विचारलं नाही तरी आपणहून सांगा, आणि फॅमिली डॉक्टरने "काय काय औषधं चालू" विचारलं की ड्रॉपचं नाव पण सांगा. लोक गोळ्या सांगतात, ड्रॉप कोण मोजतो! मिक्स ड्रॉप येतात त्यांच्यात पण टिमोलॉल असतं बऱ्याचदा, तेव्हा खोक्यावर सॉल्ट, म्हणजे आतल्या औषधाचं नाव, वाचा, नाहीतर जुनी आणि नवी बाटली मिळून तेच औषध दोनदा जातं.

दोन वेगळे ड्रॉप असतील तर मध्ये किमान ५ मिनिटं थांबा, लागोपाठ टाकले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. एखादा चुकला तर पुढच्या वेळी डबल नाही टाकायचा.

आता ठेवायचं. आपल्याकडे गोळे कॉलनीच्या औषधबाजारात स्वस्त पडतं म्हणून चार-सहा महिन्यांचं एकदम आणायची पद्धत आहे, आणायला हरकत नाही, पण लॅटॅनोप्रॉस्ट या काचबिंदूच्या औषधाच्या बऱ्याच बाटल्या उघडेपर्यंत २ ते ८ डिग्रीत ठेवायच्या असतात, आणि आपण मे महिन्यात, पारा ४० च्या आसपास असताना, त्या गाडीच्या डिकीत टाकून पंचवटीत दोन कामं उरकून घरी येतो. खोक्यावर फ्रीजचं लिहिलेलं असेल तर आईसपॅक मागा आणि सरळ घरी या. फ्रीजरमध्ये मात्र नको. बाटली उघडली की तिच्यावर पेनाने तारीख टाका, बहुतेक ड्रॉप ४ आठवड्यांनी फेकायचे, काहींना ६ चालतात. आणि कानाचा ड्रॉप त्याच कप्प्यात ठेवू नका, अंधारात दोन्ही सारखेच दिसतात.

डोळा लाल झाला, खाजला की मेडिकलमधून "लाल डोळ्याचा" ड्रॉप आणणं ही तर सगळ्यात वाईट चूक. त्यात स्टेरॉइड असलं तर दोन दिवस डोळा पांढराशुभ्र आणि आत प्रेशर वाढत जातं, कळत पण नाही. मुळात काचबिंदूच्या औषधाने पण थोडी लाली येते, ब्रिमोनिडीन नावाच्या ड्रॉपची ॲलर्जी तर काही महिन्यांनी उठू शकते. अशा वेळी मनाने बंद न करता डॉक्टरला दाखवा, दुसरं औषध मिळतं. लॅटॅनोप्रॉस्टने पापण्यांचे केस लांब होतात, आमची पोरगी आजोबांना विचारते मस्कारा लावता का.

"टाकून काही फरक दिसत नाही" म्हणून सोडणारे खूप. फरक दिसणारच नाही, ड्रॉपचं काम प्रेशर खाली ठेवायचं, गेलेली नजर परत येत नसते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून काचबिंदूचा ड्रॉप बंद करणारे पण भेटतात, हे दोन वेगळे आजार आहेत, डॉक्टर सांगतील तेव्हाच बंद. तपासणीच्या दिवशी पण नेहमीसारखा टाकूनच जा, नाहीतर कळणार कसं काम करतोय का ते.

अचानक डोळा ठणकायला लागला, दिव्याभोवती रंगीत कडी दिसायला लागली, सोबत उलट्या, तर पित्त समजून लिंबूपाणी पीत बसू नका, रात्र असली तरी त्याच वेळी डोळ्यांचं हॉस्पिटल गाठा.

आणि आईवडिलांना काचबिंदू असेल तर आपलं पण तपासून घ्यायचं असतं. मी घेतलं, भाऊ गेले तीन महिने उद्या जातो म्हणतोय.