रिकाम्या पुंगळ्या स्वच्छ करायची पद्धत कशी निवडावी

रिलोडिंग, म्हणजे झाडलेल्या काडतुसाची रिकामी पितळी पुंगळी पुन्हा भरणं, नव्याने शिकणारा बहुतेक जण आधी चकाकीच्या मागे लागतो. पण पुंगळी लखलखीत असली म्हणून नेम सुधारत नाही. ती धुवायची कारणं दोनच. तिच्यावरची रेती साइझिंग डायमध्ये (पुंगळी दाबून मूळ मापात आणणाऱ्या साच्यात) गेली तर डायला ओरखडे पडतात, आणि तेच ओरखडे पुढच्या प्रत्येक पुंगळीवर उमटत राहतात. दुसरं म्हणजे काजळीखालची बारीक चीर डोळ्याला दिसत नाही. ही दोन कामं कमी त्रासात करेल ती पद्धत आपली.

आधी ढीग निवडून घ्या. एखादं जिवंत काडतूस त्यात मिसळलेलं नाही ना, हे एकेक पुंगळी हातात घेऊन बघा. तोंड चिरलेल्या, बुडाच्या जरा वर चमकदार कडं दिसणाऱ्या पुंगळ्या सरळ मोडीत काढा. तिथेच त्या तुटतात.

आता संख्या मोजा. पन्नास-शंभर असतील तर यंत्राची गरज नाही. कोमट पाणी, भांडी घासायचा साबण, चिमूटभर लिंबूसत्त्व, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने खळबळून काढा. रंग मळकट राहिला तरी चालतो.

शेकड्यांनी असतील तर व्हायब्रेटरी टम्बलर, म्हणजे थरथरत्या भांड्याचं यंत्र, घ्या. त्यात मक्याच्या कणसाचा भरडा घातला तर हलकी झिलई येते. अक्रोडाच्या टरफलांचा भरडा जास्त खरखरीत, घट्ट काजळी तोच काढतो. दोन ते चार तास पुरतात. वापरलेला प्रायमर (बुडात बसवलेली, दारू पेटवणारी छोटी टोपी) आत राहू द्या, नाहीतर भरड्याचे कण बुडाच्या भोकात अडकतात. वाळवायची कटकट नाही, हा मोठा फायदा. धोका धुळीचा आहे. बहुतेक प्रायमरमध्ये शिशाचं संयुग असतं आणि ते या भरड्यात उतरतं. म्हणून चाळणं घराबाहेर, मास्क आणि हातमोजे घालूनच. लहान मुलं असलेल्या घरात एवढ्या कारणासाठी मी ओली पद्धत निवडेन.

ओल्या पद्धतीत फिरत्या पिंपात स्टीलच्या बारीक पिना, पाणी आणि साबण घालतात. धूळ उडत नाही आणि आधी प्रायमर काढला असेल तर त्याची खोबणीसुद्धा साफ होते. लिंबूसत्त्व चार लिटर पाण्याला पाव चमचा, त्याहून जास्त नको. आम्ल वाढलं की पितळातलं जस्त निघून जातं आणि पुंगळी गुलाबी पडते. तासन्‌तास फिरवत ठेवली तर तोंडाची कड चेपते. पाण्यात ध्वनिलहरी सोडणारं अल्ट्रासॉनिक यंत्र आतली घाण छान काढतं, पण एका वेळी थोड्याच पुंगळ्या मावतात.

कोणतीही पद्धत निवडा, अमोनिया असलेलं पॉलिश मात्र वापरू नका. ब्रिटिश काळात भारतात तबेल्यांमध्ये साठवलेल्या काडतुसांच्या पुंगळ्या पावसाळ्यात आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मुतातला अमोनिया आणि पितळात उरलेला ताण मिळून हे घडत होतं, याचा उलगडा 1921 साली झाला.

धुतलेल्या पुंगळ्या एक-दोन दिवस उघड्यावर वाळवा. घाई असेल तर ओव्हन 100 अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. फार तापवलं तर बूड मऊ पडून पुंगळी धोकादायक होते. शेवटी प्रत्येक पुंगळी उजेडासमोर धरून आत पाण्याचा थेंब किंवा पिन राहिली नाही ना, ते पाहा.