डीयूबीवर काम करताय? या चुका टाळा

प्रोटीनवरून युबिक्विटीन (दुसऱ्या प्रोटीनला खूण म्हणून लागणारं छोटं प्रोटीन) काढणारी एन्झाइम्स म्हणजे डीयूबी, त्यातली सगळ्यात मोठी यूएसपी फॅमिली, माणसात पन्नासच्या वर मेंबर. यावर काम सुरू करणारा जवळपास प्रत्येक जण पहिली चूक लायसिस बफरमध्येच, म्हणजे सेल फोडायच्या द्रावणातच, करतो. सेल फोडले म्हणून डीयूबी मरत नाहीत हो! बर्फावरसुद्धा कापत बसतात, तुम्ही ट्यूब फिरवताय तोवर युबिक्विटीनच्या साखळ्या उतरलेल्या असतात. एमजी१३२ दिलं होतं असं सगळे सांगतात, पण ते प्रोटिओसोम (खूण लागलेली प्रोटीन्स तोडणारं सेलमधलं यंत्र) अडवतं, डीयूबी नाही.

आमच्याकडे एक मुलगी होती, खूप मेहनती, तीन आठवडे एमडीएम२ या प्रोटीनचा स्मिअर (युबिक्विटीनच्या साखळ्यांमुळे ब्लॉटवर दिसणारा लांब पट्टा) शोधत होती. अँटिबॉडी बदलून झाली, ट्रान्सफेक्शन परत करून झालं, काही नाही. शेवटी मी तिच्या शेजारी उभी राहून बफर बनवताना बघितलं, तर एनईएम (डीयूबीची सिस्टीन बंद करणारं रसायन) घातलेलं होतं, पण त्याच बफरमध्ये डीटीटी (थायॉल, म्हणजे गंधकाचे गट, असलेलं रसायन) पण! एनईएमला थायॉल मिळालं की ते त्यालाच चिकटतं, मग डीयूबीच्या सिस्टीनसाठी काय उरणार? वर ते एनईएम पाण्यात करून आठवडाभर ठेवलेलं, पाण्यात ते टिकत नाही. डीटीटी काढलं, इथेनॉलमध्ये ताजं एनईएम केलं, बफरमध्ये २० मिलिमोलर घातलं, आणि पुढच्याच ब्लॉटवर वरपर्यंत स्मिअर. तिचे तीन आठवडे गेले याचं मला अजून वाईट वाटतं, पहिल्याच दिवशी बफर बघायला हवा होता.

मी स्वतः एनईएम रोज नवीन वजन करते, हूडमध्ये, ग्लोव्हज घालून. आणि आयपीच्या (अँटिबॉडीने प्रोटीन ओढून काढायच्या) आधी लायसेट, म्हणजे फोडलेल्या सेलचं द्रावण, १ टक्का एसडीएस डिटर्जंटमध्ये उकळते, मग दहापट पातळ करते. लोकांना कंटाळा येतो, पण हे केलं नाही तर स्मिअर तुमच्या प्रोटीनचा की त्याला चिकटून आलेल्या दुसऱ्याचा, हे कळणार कसं?

ॲक्टिव्हिटी असेमध्ये, म्हणजे एन्झाइमचं काम मोजायच्या चाचणीत, मात्र उलटं, तिथे ताजं डीटीटी लागतंच, नाहीतर सिस्टीन ऑक्सिडाइज होऊन एन्झाइम गप्प.

जॅम या डीयूबींच्याच दुसऱ्या फॅमिलीवर एनईएम चालत नाही, त्यांच्यात कापायला सिस्टीन नाही, झिंक असतं.

मास स्पेकला (प्रोटीनच्या तुकड्यांचं वजन मोजायला) सॅम्पल देणार असाल तर सिस्टीन बंद करायला आयोडोॲसिटामाइड नको, लायसिनवर दोनदा बसलं की वजन अगदी दोन ग्लायसिनच्या खुणेएवढंच (ट्रिप्सिनने कापल्यावर लायसिनवर युबिक्विटीनचा एवढाच तुकडा उरतो) वाढतं. क्लोरोॲसिटामाइड वापरा.

यूएसपी७ या डीयूबीचा नुसता कॅटॅलिटिक डोमेन, म्हणजे कापणारा भाग, घेऊन 'एन्झाइम खराब आहे' म्हणू नका, त्याला जोर त्याच्या सी-टर्मिनल (शेवटच्या टोकाच्या) भागातून येतो.

आणि डीयूबीच्या कापणाऱ्या सिस्टीनचं ॲलनिन केलं की झाला डेड म्युटंट, हा शॉर्टकट तर मला अजिबात पटत नाही. असा म्युटंट कापत नाही, पण काही डीयूबींमध्ये तो युबिक्विटीनला आणखी घट्ट धरून बसतो, ओव्हरएक्सप्रेस केला की साखळ्या झाकून ठेवतो आणि तुम्ही भलताच अर्थ काढता. आधी त्याचं बाइंडिंग तपासा, मग आकृती काढा.