एनपीटी के बीएसपी?

गाडीला पेट्रोलचं प्रेशर गेज बसवणं हे तासाभराचं काम. त्याचं सामान जमवण्यात माझे तीन शनिवार गेले. बडोद्याच्या दांडिया बाजारातून स्कूटर काढायची, मकरपुरा जीआयडीसी ही औद्योगिक वसाहत गाठायची, पिशवीभर पितळ घेऊन यायचं आणि संध्याकाळी त्यातलं निम्मं बसत नाही म्हणून कपाळाला हात लावायचा. दुकानदारांचा दोष नव्हता, मीच घरून नीट मोजून गेलो नव्हतो. म्हणून ही यादी. आदल्या रात्री वाचा, सकाळी निघा.

आधी बॉनेट उघडा आणि टॉर्च लावून फिल्टरपासून इंजेक्टरच्या रेलपर्यंत पेट्रोलच्या पाइपाचा माग काढा. रेलवर टायरच्या व्हॉल्व्हसारखं टोपीवालं तोंड दिसलं तर नशीबवान आहात. तो श्रेडर व्हॉल्व्ह, प्रेशर मोजण्यासाठीच ठेवलेला. त्याच्या आट्याचा अडॅप्टर मिळाला की पाइप कापायला नको. आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत तो सहसा सापडत नाही. मग फिल्टर आणि रेल यांच्यामध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, टाकावा लागतो. तिथे पाइप रबरी आहे की कडक नायलॉनचा, हे नखाने दाबून बघा. रबरी असेल तर आतला व्यास लिहून घ्या, बरेचदा 8 मिलिमीटर निघतो. नायलॉनचा असेल तर त्यावर रबर चढवून क्लिप आवळायचा मोह आवरा. तो जोड आज ना उद्या सुटतो. त्याला टिचकीने बसणारं क्विक कनेक्टरच लागतं, आणि त्यासाठी पाइपाच्या धातूच्या टोकाचं माप हवं: साधारण 7.9 की 9.5 मिलिमीटर.

डिझेल कॉमन रेल किंवा पेट्रोल डायरेक्ट इंजेक्शन असेल तर हाय प्रेशरच्या बाजूला यातलं काहीही करायचं नाही. तिथे शेकड्यांनी, डिझेलमध्ये हजारांनी बार असतात. बारीक झोत कातडीत घुसतो.

साध्या एमपीएफआय, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेगळा इंजेक्टर असलेल्या पेट्रोल गाडीत दाब साधारण 3 ते 4 बार. त्यासाठी 0 ते 7 किलोचं गेज घ्या (इथे किलो म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, जवळपास एक बार), म्हणजे काटा डायलच्या मधोमध राहतो. 21 किलोचं स्वस्तात मिळतं म्हणून घेऊ नका, त्यावर पाव किलोचा फरक दिसतच नाही. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीला मात्र 7 किलोचंही निरुपयोगी, कारण तिथे दाब 0.2 ते 0.3 बार एवढाच.

आता आटे. माझे तीन शनिवार इथेच गेले, तेव्हा जरा थांबतो. माझ्या गेजच्या बुडाशी असलेला आटा व्हर्नियरने मोजला, 10.3 मिलिमीटर भरला. चिठ्ठीवर मी ऐटीत ‘10 मिमी’ लिहिलं. दुकानातून एम 10 चा टी आणला. दोन आटे झकास फिरला, तिसऱ्याला अडला. पाना लावून जोर केला तेव्हा पितळाचा सोनेरी भुगा बोटांना लागला. मग कळलं की पाइपाच्या आट्यांचं नाव एक आणि माप दुसरं. ज्याला आपण ‘एक सूत’ म्हणतो, म्हणजे 1/8 इंच, त्याचा बाहेरचा व्यास असतो सुमारे 10 मिलिमीटर. त्यातही दोन घराणी. अमेरिकन एनपीटीला इंचात 27 आटे, ब्रिटिश बीएसपीला 28. एकाचा कोन 60 अंश, दुसऱ्याचा 55. दोन सूत, म्हणजे 1/4 इंच घेतलं तरी तेच: एनपीटी 18, बीएसपी 19. डोळ्याला फरक दिसत नाही. पेट्रोलला तो बरोबर सापडतो.

दुसऱ्या शनिवारी मी नळाच्या सामानाच्या दुकानातून निपल आणलं. ते अर्थातच बीएसपी होतं, गेज एनपीटीचं. त्यावर टेफ्लॉन टेपचे आठ-दहा वेढे मारून गेजला बसवलं आणि रात्रभर गॅरेजमध्ये पेट्रोलचा वास घेतला.

तर पिशवीत सगळ्यात आधी गेजच टाका, खोक्यासकट. सोबत आटे मोजायचं पिच गेज, व्हर्नियर आणि जुन्या रबरी पाइपाचा कापलेला तुकडा. मकरपुऱ्याच्या दुकानात काउंटरवरचा माणूस मान वर न करता पहिला प्रश्न विचारतो, ‘एनपीटी के बीएसपी?’ उत्तर तयार असेल तर पाच मिनिटांत मोकळे होता. या बाबतीत बडोद्याचे लोक सुखी आहेत. कोयलीची रिफायनरी 1965 पासून चालू, नंदेसरीला केमिकलचे कारखाने; त्यांच्या इन्स्ट्रुमेंट लाइनचं सामान विकणाऱ्यांना एनपीटीची सवय असते. नळवाल्यांकडे बीएसपी. म्हणून अर्धं सामान इथून, अर्धं तिथून घ्यायचं नाही. गेज ज्या घराण्याचं, त्याच घराण्याचा टी, निपल आणि रिड्यूसर. फेरूलवालं, म्हणजे नळीवर कडी आवळून बसणारं फिटिंग घेणार असाल तर नळी 6 मिलिमीटरची की 1/4 इंचाची, म्हणजे 6.35 ची, हेही तपासा. हाताला दोन्ही सारख्याच लागतात.

सगळं पितळी घ्या. जीआयचं निपल नको, त्याचा जस्ताचा मुलामा सुटून पुढे इंजेक्टरकडे जातो. टी आणि गेजच्या मध्ये छोटा नीडल व्हॉल्व्ह हवाच. गेज फुटलं, गळलं तर लाइन बंद करता येते, आणि व्हॉल्व्ह किंचितच उघडा ठेवला की काट्याची थरथरही कमी होते. विकत घेताना सील कशाचं आहे ते विचारा. पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे, त्यामुळे व्हायटनचं, म्हणजे इंधनाला टिकणाऱ्या रबराचं मागा. ‘चालशे’ या उत्तरावर पैसे काढू नका. बॅन्जो बोल्ट (ज्याच्या पोकळीतून पेट्रोल जातं तो) उघडणार असाल तर तांब्याचे नवे वायसर, मापाचे, दोन जास्तच. जुना वायसर एकदा दबला की पुन्हा भरवशाचा नाही.

जोडाला टेप नको, पेट्रोल चालणारं लिक्विड थ्रेड सीलंट घ्या. टेपचा धागा तुटून आत गेला की तो इंजेक्टरच्या जाळीपर्यंत पोचू शकतो. टोकाचा पहिला आटा कोरडा सोडून पुढे लावायचं. सिलिकॉनची ट्यूब घरात पडलेली असते, ती तिथेच पडू दे. होजवर एसएई जे30आर9 छापलेलं बघा. साधा पेट्रोल पाइप इंजेक्शनच्या दाबाचा नसतो. क्लिप सलग पट्टीची घ्या, खाचांची जुबिली क्लिप आवळताना रबर कापते.

गेज बॉनेटखालीच बसवा. केबिनमध्ये काटा बघायची फार हौस असेल तर इलेक्ट्रिक सेंडरचं गेज घ्या आणि वायर आत न्या. पेट्रोलची नळी माणसं बसतात तिथे नेणारा मेकॅनिक भेटला तर त्याला चहा पाजा आणि निघा.

कामाच्या सकाळी, ऊन चढायच्या आत, गाडी उघड्यावर काढा. अग्निशामक हाताशी, डोळ्यांना चष्मा, खाली ट्रे, कापसाऐवजी जुनी सुती चिंधी. पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग दोनदा सेल मारा, बॅटरीची निगेटिव्ह काढा, आणि तरीही पहिला जोड चिंधी धरूनच सैल करा, कारण थोडं पेट्रोल उडतंच. कुणी बिडी ओढत कुतूहलाने डोकावणार असेल तर त्याला आधीच लांब धाडा.

जोडणी झाली की फ्यूज आणि बॅटरी लावून सेल न मारता दोन-तीनदा फक्त चावी ऑन करा. पंप दोनेक सेकंद गुरगुरतो आणि लाइन भरते. प्रत्येक जोडाभोवती टिश्यू पेपर फिरवून बघा, ओलसर डाग लगेच उमटतो. मगच इंजिन. बंद केल्यावर काटा धपकन शून्यावर आला तर आधी आपलेच जोड पुन्हा बघा, मग पंपाला बोल लावा.