लग्नाच्या वाढदिवसाला नव्या हॉटेलात जेवायला जाताय? या चुका टाळा

बेळगावात खानापूर रोडला किंवा टिळकवाडीत नवी पाटी लागली, दिव्यांच्या माळा लटकल्या, की घरोघरी ठरतं, "या वाढदिवसाला तिथंच जाऊया." हौस चांगलीच आहे. पण वर्षातून एकदा येणारी ती संध्याकाळ कित्येकदा वेटरची वाट बघण्यात आणि एकमेकांवर चिडण्यात जाते. नव्या हॉटेलात जरूर जा, फक्त त्याची पहिली परीक्षा त्या संध्याकाळी घेऊ नका.

उद्घाटन झालं की लगेच धावणं

पहिले तीन-चार आठवडे कुठल्याही हॉटेलाची घडी बसलेली नसते. आचारी एकीकडून आलेला, वेटर दुसरीकडून. कार्डावर पंजाबी, चायनीज, तंदूर, कोल्हापुरी असं सगळं छापलेलं असतं, आणि ऑर्डर दिली की "ते आज नाही साहेब" सुरू होतं. इंटरनेटवरच्या पाच चांदण्यांवरही या दिवसांत विसंबू नका. सुरुवातीला लिहिणाऱ्यांत मालकाचे मित्र आणि पाहुणेच जास्त असतात. कमी चांदण्या देणाऱ्यांनी काय लिहिलंय ते वाचा आणि गिऱ्हाइकांनी काढलेले फोटो बघा.

त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे आठ-दहा दिवस आधी दोघांपैकी एकानं दुपारी तिथं जाऊन साधं काहीतरी खाऊन येणं. डाळ, रोटी, एक भाजी पुरे. पनीरची आणि काजूची ग्रेव्ही एकाच पातेल्यातली वाटली, तर रात्रीही तीच येणार. हात धुवायला म्हणून आत जा आणि बाथरूम बघा, कारण तिथली स्वच्छता बघून स्वयंपाकघराचा अंदाज येतो. काउंटरजवळ अन्नसुरक्षा परवाना लावलेला असायला हवा, त्यावरचा नंबर १४ आकडी असतो. सासू-सासरे किंवा आई-बाबा बरोबर येणार असतील तर जिने किती, लिफ्ट आहे का आणि गाडी कुठं लावायची, हेही त्याच फेरीत बघून घ्या.

तारीख बघितली, पंचांग नाही

आपल्याकडे ही चूक फार होते. वाढदिवस इंग्रजी तारखेनं येतो आणि नेमकी त्याच दिवशी संकष्टी निघते. बायकोचा उपवास, चंद्रोदय नऊच्या पुढं, आणि टेबल साडेसातचं. ती समोर पाणी पीत बसणार आणि तुम्ही सूप मागवणार! सोमवार, गुरुवार, एकादशी, श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार हे सगळं आधी कॅलेंडरवर बघा. अडचण असेल तर जेवण एक दिवस पुढं ढकला, त्यात काहीही बिघडत नाही.

बेळगावचे म्हणून काही दिवसही ध्यानात ठेवा. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीला आणि अनंत चतुर्दशीला विसर्जनाला शहराच्या मध्यभागातून गाडी काढणं मुश्कील असतं. १ नोव्हेंबरला, कर्नाटक राज्योत्सवाच्या दिवशीही, मिरवणुका आणि बंदोबस्त असतो. डिसेंबरात सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं की आमदार, अधिकारी, पत्रकार आणि पोलीस यांनी लॉज-हॉटेलं भरून जातात. त्या दिवसांत बऱ्या हॉटेलात ऐनवेळी टेबल मिळत नाही. रोजच्या दिवशीसुद्धा टिळकवाडीत रेल्वे गेट पडलं की वाट बघत थांबावं लागतं, तेवढा वेळ हाताशी ठेवूनच निघा.

खानापूर, जांबोटीकडून येणाऱ्यांनी रात्रीपेक्षा दुपारच्या जेवणाचा विचार करावा असं मला मनापासून वाटतं. पावसाळ्यात जंगलातल्या रस्त्यानं रात्री अकराला दुचाकीवर परतणं धोक्याचं आहे. बसनं येणार असाल तर शेवटची बस आधी विचारून ठेवा. निपाणीकरांना तर बेळगावपेक्षा कोल्हापूरच जवळ पडतं.

"या या, जागा असते" म्हणजे बुकिंग नव्हे

फोनवरचं बोलणं बहुतेक वेळा असं होतं:

"शनिवारी आठ वाजता चौघांसाठी टेबल पाहिजे होतं."

"या या साहेब, जागा असते."

इथं फोन ठेवला की फसलात. शनिवारी गेल्यावर दारात वीस माणसं उभी दिसतात आणि फोन घेणाऱ्याची त्या दिवशी सुट्टी असते. म्हणून पुढं विचारा: नाव लिहून घेतलं का, तुमचं नाव काय, टेबल किती वाजेपर्यंत राखून ठेवता. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन ओळींचा मेसेज टाकून "ओके" मिळवा आणि त्या दिवशी दुपारी पुन्हा एक फोन करा.

जागा कुठली, तेही तेव्हाच ठरवा. शनिवारी गाण्याचा कार्यक्रम असेल आणि टेबल स्पीकरजवळ आलं, तर दोघांना एकमेकांचं बोलणं ऐकू येणार नाही. गच्चीवरचं टेबल फोटोत छान दिसतं, पण जून ते सप्टेंबर बेळगावचा पाऊस सांगून येत नाही. त्यामुळे आत बसायची सोय आहे का ते विचारा. डिसेंबर-जानेवारीत गच्चीवर चांगलीच थंडी वाजते, शाल बरोबर असू द्या.

सरप्राइजच्या नादात न विचारणं

हॉटेल गुपित ठेवा, पण काय खावंसं वाटतंय ते तरी विचारा. तिला जवारी (गावठी) कोंबडीचा रस्सा आणि जोंधळ्याची भाकरी हवी असते आणि तुम्ही पास्त्याच्या हॉटेलात नेता, मग दोघांचाही हिरमोड होतो. मासे खायचे बेत असतील तर महिना बघा. पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैत यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्यामुळे गोवा-कारवारहून येणारा ताजा माल आटतो आणि सुरमई, पापलेट बहुधा बर्फातलं मिळतं. त्या दिवसांत मटण किंवा कोंबडीच बरी.

ऑर्डर देताना सगळं एकदम सांगू नका. तसं केलं की स्टार्टर, रोट्या आणि भात एकाच वेळी टेबलावर येतात आणि निम्मं गार होतं. आधी स्टार्टर सांगा, ते संपत आलं की पुढचं. तिखट किती हवं ते स्पष्ट बोला. "मीडियम" म्हणजे इथल्या आचाऱ्याच्या हातचं मीडियम, ते पाहुण्यांना झेपेलच असं नाही.

केक

बाहेरचा केक चालतो का, हे बुकिंगच्या वेळीच विचारा. काही ठिकाणी चालत नाही, काही ठिकाणी वेगळे पैसे घेतात. फ्रिजमध्ये ठेवतील का, सुरी आणि प्लेट देतील का, हेही. केकवरची नावं बेकरीला बोलून न सांगता लिहून पाठवा. मराठी अक्षरात हवी असतील तर तसं सांगा आणि घेताना डबा उघडून बघा. आणि मोठ्यानं गाणं लावून सगळ्या वेटरांनी टाळ्या वाजवणं तुमच्या माणसाला आवडतं का, याचा विचार करा. अनेकांना त्यानं अवघडून जायला होतं.

बिघडलंच तर

अर्ध्या तासात स्टार्टर आलं नाही तर वेटरवर आवाज चढवू नका. त्याच्या हातात काही नसतं आणि तुमचाच मूड जातो. उठून काउंटरवर जा आणि शांतपणे मॅनेजरला विचारा, ऑर्डर आत गेली आहे का आणि अजून किती वेळ. नव्या हॉटेलात ऑर्डर आत पोहोचलेलीच नसते असं बऱ्याचदा निघतं. चुकीची डिश आली तर पहिला घास घेण्याआधी परत करा. आंबूस वास आला, केस निघाला, तर फोटो काढून ठेवा, डिश बदलून मागा किंवा बिलातून काढायला लावा. तासाभरातही जेवण सुरू झालं नसेल, तर खाल्लं तेवढ्याचं बिल देऊन नेहमीच्या हॉटेलात जा. पण दहाच्या आत निघा, नंतर बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकघर आवरायला घेतात.

बिल न वाचता पैसे देणं

साध्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावर जीएसटी ५ टक्के लागतो. रोजचं भाडं ७,५०० रुपयांच्या वर असलेल्या खोल्यांच्या बड्या हॉटेलात तो १८ टक्के असतो. छोट्या व्यावसायिकांसाठी असलेल्या कंपोझिशन योजनेतल्या हॉटेलाला गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेता येत नाही, आणि तसं बिलावर लिहिलेलं असतं. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायला केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये मनाई केली, आणि दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये ही मार्गदर्शक तत्त्वं उचलून धरली. तो लावलेला दिसला तर काढायला सांगा. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, पण तो दुसऱ्या दिवशी सकाळी लावा. बिलाचा फोटो मात्र तिथंच काढून घ्या. टीप ज्यानं नीट वाढलं त्याच्या हातात द्या.