अमेरिकेत शिकवायला येणाऱ्या शिक्षकांसाठी: बंदुकीच्या ट्रेनिंगचं नेमकं काय आहे?

मी टेक्सासमध्ये गणित शिकवते. जे-१ किंवा एच-१बी व्हिसावर इकडे यायच्या तयारीत असलेल्या शिक्षकांचे पगार, घरभाडं, गाडी असे सगळे प्रश्न विचारून झाले की एक प्रश्न हमखास येतो: "ताई, तिकडे शिक्षकांना बंदूक चालवायला शिकावं लागतं म्हणे?" बातम्या बघून घरच्यांनी धसका घेतलेला असतो, आणि तो समजण्यासारखाच आहे.

तर आधी हे सांगते की सक्ती नाही. टेक्सास, फ्लोरिडा, ओहायो, टेनेसी या राज्यांत शाळेतल्या कर्मचाऱ्यांना शस्त्र बाळगायची मुभा आहे, पण तिथेही जो स्वतःहून पुढे येईल त्यालाच.

दुसरी गोष्ट तुमच्या व्हिसाची आहे आणि ती जास्त महत्त्वाची. जे-१, एच-१बी अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला बंदूक किंवा गोळ्या बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, पण वकिलाला विचारल्याशिवाय त्यांच्या भरवशावर राहू नका. सहकारी अगदी प्रेमाने म्हणतील, "शनिवारी शूटिंग रेंजवर नेमबाजीला चल, मजा येते." इथे ते आपल्याकडच्या क्रिकेटच्या आमंत्रणाइतकं सहज असतं. तरीही नाही म्हणा. व्हिसाचं कारण सांगितलं की कोणी वाईट वाटून घेत नाही. ग्रीन कार्ड मिळालं की ही आडकाठी उरत नाही, मग निर्णय तुमचा.

ज्यांना हे ट्रेनिंग घेता येतं, त्यांच्यासाठीचे नियम मात्र राज्यागणिक बदलतात. टेक्सासमध्ये दोन वाटा आहेत. एक 'स्कूल मार्शल'ची, २०१३च्या कायद्याने आलेली: ८० तासांचं ट्रेनिंग, मानसिक तपासणी आणि पिस्तुलाचं लायसन्स. दुसरी 'गार्डियन'ची. त्यात स्कूल बोर्ड लेखी परवानगी देतं आणि अटीही बऱ्याचशा तेच ठरवतं. मार्शल कोण आहे हे गुप्त असतं. पालकांनी लेखी विचारलं तर शाळेत मार्शल आहे की नाही एवढं कळवतात, नाव सांगत नाहीत. म्हणजे शेजारच्या वर्गातल्या बाई मार्शल असतील तरी तुम्हाला पत्ता लागणार नाही. स्टाफरूममध्ये हा विषय उकरून काढू नका.

फ्लोरिडात पार्कलंडच्या शाळेत फेब्रुवारी २०१८मध्ये गोळीबारात १७ जणांचा जीव गेला. त्यानंतर आलेल्या गार्डियन योजनेत १४४ तासांचं ट्रेनिंग ठरलं, त्यातले ८० तास शस्त्राचे. सुरुवातीला वर्गावर शिकवणारे शिक्षक त्यातून वगळले होते, २०१९मध्ये त्यांनाही दार उघडलं. टेनेसीने २०२४मध्ये ४० तासांची अट घातली आणि मुख्याध्यापकांपासून स्थानिक पोलीसप्रमुखांपर्यंत सगळ्यांची लेखी संमती मागितली. ओहायोत उलटं झालं. २०२१मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की शस्त्र बाळगणाऱ्या कर्मचाऱ्याचं पोलिसांइतकं, म्हणजे ७००हून अधिक तासांचं ट्रेनिंग झालेलं हवं. पुढच्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि ही अट जास्तीत जास्त २४ तासांवर आली, शिवाय दर वर्षी ८ तासांची उजळणी. स्कूल डिस्ट्रिक्टला, म्हणजे त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या संस्थेला, हवं तर ती जास्त मागू शकते.

माझं मत विचाराल तर २४ तास फार कमी आहेत. कागदी निशाण्यावर नेम बसवायला माणूस शिकेलही. पण कॉरिडॉरमध्ये मुलं किंचाळत धावत असताना गोळी कधी झाडायची नाही, हे कळायला खूप सराव लागतो. शिवाय समोर उभा असलेला मुलगा कालपर्यंत आपल्याच वर्गात बसत असेल, हेही ट्रेनिंगमध्ये यायला हवं. टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत २०२२च्या मे महिन्यात बंदूकधारी शिरला, तेव्हा रीतसर ट्रेनिंग झालेले पोलीस तासाभराहून जास्त वेळ थांबून राहिले. १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. त्या घटनेनंतर मला या विषयावर घाईने बोलता येत नाही.

तुमच्या वाट्याला जे नक्की येणार आहे ते म्हणजे ड्रिल, शाळेत धोका निर्माण झाला तर काय करायचं याचा सराव. शाळा सुरू होण्याआधीच्या ट्रेनिंगच्या आठवड्यात ते शिकवतात. पुष्कळ शाळांत होल्ड (वर्गातच थांबा), सिक्युअर, लॉकडाउन, इव्हॅक्युएट (बाहेर पडा), शेल्टर (आडोसा घ्या) असे पाच ठरलेले आदेश असतात. पहिल्याच दिवशी पाठ करा, कारण सिक्युअर म्हटल्यावर बाहेरची दारं बंद होतात पण आत शिकवणं चालू राहतं; लॉकडाउन म्हटल्यावर सगळं थांबतं. दार लॉक, दिवे बंद, मुलं दारावरच्या काचेतून दिसणार नाहीत अशा कोपऱ्यात. मग बाहेरून कोणी हँडल खडखडवून बघतं. ओळखीचा आवाज आला, "मिस, उघडा" म्हणाला, तरी उघडायचं नाही. ज्यांना आत यायचा अधिकार आहे त्यांच्याकडे किल्ली असते. लहान मुलं अशा वेळी तुमच्या चेहऱ्याकडे बघत असतात. आवाज शांत ठेवायची सवय घरीच करून या.

रक्तस्राव थांबवायचं किटही वर्गाच्या आसपास कुठेतरी असतं. टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायचा पट्टा, कसा आवळायचा ते बघून न थांबता स्वतःच्या हाताने करून पाहा. यात व्हिसा आडवा येत नाही.

आणि एक. एखादा मुलगा "मी उद्या काहीतरी आणणार आहे" असं बोलला किंवा वहीत तसलं काही काढलं, तर आपल्याकडच्यासारखं दटावून सोडून देऊ नका. 'उगाच पोराचं नुकसान कशाला' हा विचार मनात येतोच. पण इथे शाळेची थ्रेट असेसमेंट टीम, म्हणजे धोका कितपत खरा आहे ते तपासणारा गट, असते, तिचं काम शिक्षेआधी त्या मुलाचं काय बिनसलंय ते बघण्याचंही आहे. नाव, वेळ आणि नेमके शब्द लिहून त्याच दिवशी प्रिन्सिपलना कळवा, शाळा सुटायची वाट बघू नका.