घरातल्या सगळ्यांचं वेळापत्रक शेअर्ड कॅलेंडरमधून छापताय? या चुका टाळा

फ्रीजवर लावलेल्या कागदात मुलीचा बुधवारचा क्लासच नाही. आजोबांच्या तपासणीच्या जागी नुसतं ‘बिझी’ छापलंय. महिन्याचा शेवटचा आठवडा कागदाबाहेर गेलाय. अशा वेळी सगळा राग प्रिंटरवर निघतो, पण त्याच्याशी संबंध असलाच तर फक्त शेवटच्या तक्रारीचा. पहिल्या दोन गोष्टी नोंद करताना किंवा कॅलेंडर शेअर करतानाच बिघडलेल्या असतात.

म्हणून काहीही दुरुस्त करायच्या आधी तीन जागा ओळीने तपासा: स्क्रीन, प्रिव्ह्यू (छापण्याआधी दिसणारं पान) आणि कागद. नोंद स्क्रीनवरच नसेल तर घोळ शेअरिंगचा, परवानगीचा किंवा सिंकचा, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांवरच्या नोंदी एकसारख्या होण्याचा. स्क्रीनवर आहे पण प्रिव्ह्यूत नाही, तर छपाईची निवड चुकली. प्रिव्ह्यू ठीक आणि कागद चुकीचा, तरच प्रिंटरकडे वळा. खाली मेनूची नावं गूगल कॅलेंडरची दिली आहेत. अॅपल आणि आउटलुकमध्ये वेगळं काही असेल तिथे तसं सांगितलं आहे.

चूक १: पाच माणसं, एकच कॅलेंडर

गूगलवर फॅमिली ग्रुप तयार केला की ‘फॅमिली’ नावाचं कॅलेंडर आपोआप बनतं. ग्रुपमध्ये चालवणारा धरून सहा जण बसतात आणि त्यातला प्रत्येक जण नोंदी बदलू शकतो. अॅपलच्या फॅमिली शेअरिंगमध्येही असंच कॅलेंडर मिळतं. आयतं मिळाल्यामुळे सगळे त्यातच सगळं लिहीत सुटतात. मग ‘फक्त धाकट्याचा आठवडा छापून दे’ अशी मागणी आली की अडतं, कारण छपाईला माणूस कळत नाही, कॅलेंडर कळतं. डावीकडच्या यादीत ज्या कॅलेंडरपुढे खूण आहे, तेच कागदावर येतं.

माणशी एक कॅलेंडर ठेवा. डावीकडे ‘अदर कॅलेंडर्स’शेजारच्या अधिक चिन्हातून ‘क्रिएट न्यू कॅलेंडर’ निवडा. लग्नं, पाहुणे, गॅस सिलिंडर अशा सगळ्यांच्या गोष्टींसाठी ‘घर’ नावाचं एक वेगळं कॅलेंडर करा (आयतं ‘फॅमिली’ असेल तर त्याचाच असा वापर करा). एकाचाच कागद हवा असेल तर त्या कॅलेंडरच्या नावावर माउस नेऊन तीन टिंबांमधून ‘डिस्प्ले धिस ओन्ली’ निवडा आणि मग छापा.

उलट टोकाची चूकही दिसते. घरगुती कार्यक्रम एकाने नोंदवला आणि बाकीच्या चौघांना आमंत्रण धाडलं, की तो कार्यक्रम पाचही कॅलेंडरमध्ये जातो आणि एकाच चौकटीत पाच वेळा छापला जाऊ शकतो. सगळ्यांची गोष्ट असेल तर आमंत्रण नको. ‘घर’मध्ये एकदाच नोंदवा.

चूक २: शेअर केलं म्हणजे झालं, असं समजणं

कॅलेंडर शेअर केल्यावर समोरच्याला ईमेल जातो. त्यातल्या लिंकवर टिचकी मारून त्याने ते स्वतःच्या यादीत घ्यावं लागतं. घरात हा ईमेल न उघडलेला एक जण हमखास निघतो.

कागदावर ‘बिझी’ छापलं जाण्याचं मूळ परवानगीत असतं. पहिल्या पायरीवर फक्त वेळ मोकळा आहे की भरलेला एवढंच दिसतं, दुसरीवर सगळा तपशील दिसतो, तिसरीवर नोंदी बदलता येतात आणि चौथीवर शेअरिंगही सांभाळता येतं. छापणाऱ्याला किमान दुसरी पायरी हवीच. ती देऊनही एखादीच नोंद ‘बिझी’ दिसत असेल, तर नोंद करणाऱ्याने ती ‘प्रायव्हेट’ ठेवलेली असणार. तिसऱ्या पायरीपासून पुढच्यांना प्रायव्हेट नोंदीही वाचता येतात, तेव्हा कुणाला कोणती पायरी द्यायची ते विचार करून ठरवा. हे बदल संगणकावरच्या ब्राउझरमधून, कॅलेंडरच्या ‘सेटिंग्ज अँड शेअरिंग’मध्ये करा.

शेअर करायचा कंटाळा म्हणून कॅलेंडर ‘पब्लिक’ करू नका. घर कधी रिकामं असतं, ते त्यात तारीखवार लिहिलेलं असतं.

दोन गोष्टी शेअर होतच नाहीत. गूगलच्या ‘टास्क’ ज्याच्या त्याच्यापुरत्या असतात. ‘आजीची औषधं आणणे’ हे टास्क म्हणून लिहिलंत, तर इतर कुणी छापलेल्या कागदावर ते येणार नाही, म्हणून ते नोंद म्हणूनच लिहा. दुसरी गोष्ट आठवणीची घंटा. तुम्ही लावलेली घंटा तुमच्याच फोनवर वाजते, दुसऱ्याने आपापली लावायची.

आयफोनच्या मूळ कॅलेंडर अॅपमध्ये गूगलवरचं शेअर केलेलं कॅलेंडर दिसत नसेल, तर गूगलच्या ‘सिंक सिलेक्ट’ पानावर जाऊन त्या कॅलेंडरपुढे खूण करावी लागते. हे पान शोधल्याशिवाय समोर येत नाही, त्यामुळे लोक महिनोन्‌महिने अडून बसतात.

चूक ३: शाळेचं किंवा सामन्यांचं वेळापत्रक एकदाच आयात करून विसरणं

फाइल ‘इम्पोर्ट’ केली की त्या क्षणीची प्रत मिळते. पुढे शाळेने तारीख बदलली तरी तुमच्याकडे जुनीच राहते. पत्ता देऊन, म्हणजे ‘फ्रॉम यूआरएल’ने जोडलेलं कॅलेंडर स्वतःहून ताजं होतं, पण लगेच नाही, त्याला काही तास लागतात. सकाळी झालेला बदल दुपारच्या प्रिंटमध्ये येईलच असं धरू नका.

आयात करायचीच असेल तर आधी एक रिकामं कॅलेंडर बनवा आणि फाइल त्यातच घाला. नवं वेळापत्रक आलं की ते अख्खं कॅलेंडर पुसून दुसरं घालता येतं. मुलाच्या मुख्य कॅलेंडरमध्ये दीडशे नोंदी ओतल्या तर त्या एकेक करून वेचत बसावं लागतं.

चूक ४: महिन्याच्या पानात सगळं कोंबणं

इथे जरा हिशेब करू. ए४ कागद २१० × २९७ मिलिमीटरचा. आडवा धरून चारही बाजूंना १० मिलिमीटर समास सोडला तर रुंदी २७७ उरते, म्हणजे एका दिवसाच्या वाट्याला सुमारे ४० मिलिमीटर. उभा धरला तर जेमतेम २७. म्हणून महिना छापताना ‘ओरिएंटेशन’ ऑटोवर सोडू नका, ‘लँडस्केप’ निवडा.

आता उंची. शीर्षक आणि वारांची ओळ यांना २० मिलिमीटर दिले तर १७० उरतात. पाच आठवड्यांच्या महिन्यात एका चौकटीला ३४, सहा ओळींच्या महिन्यात २८. ऑगस्ट २०२६ ची १ तारीख शनिवारी येते, त्यामुळे आठवडा रविवारी सुरू करा किंवा सोमवारी, ओळी सहाच होतात. ९ पॉइंटच्या देवनागरीला वेलांट्या, मात्रा आणि उकार धरून ओळीमागे साधारण ४ मिलिमीटर लागतात. तारखेचा आकडा वगळला तर सहा ओळींच्या महिन्यात एका दिवसाला पाचच ओळी मिळतात. ‘आईची दातांच्या डॉक्टरकडे अपॉइंटमेंट’ एकटीच दोन ओळी खाते. म्हणजे दिवसाला दोन-तीन नोंदी, बस्स. अक्षर ७ पॉइंटवर आणून आणखी माल भरता येईल, पण तो चार फुटांवरून वाचता येणार नाही. मग कागद भिंतीवर लावायचाच कशाला?

उपाय दोन, आणि दोन्ही मिळून केलेले बरे. पहिला: रोजची शाळा, ऑफिस, दर मंगळवारचा पोहण्याचा वर्ग असा ठरलेला रतीब ‘नेहमीचं’ नावाच्या वेगळ्या कॅलेंडरमध्ये टाका. महिन्याचं पान छापताना त्याची खूण काढा, आठवड्याचं छापताना ठेवा. महिन्याच्या पानावर मग फक्त वेगळं काही असलेले दिवस उठून दिसतात. वाढदिवस आणि सुट्ट्यांची आयती कॅलेंडरंही एकदा तपासा. सगळ्या संपर्कांचे वाढदिवस छापून चौकटी भरण्यात अर्थ नाही. दुसरा: नोंदीचं नाव वीस-बावीस अक्षरांत बसवा आणि कामाचा शब्द आधी लिहा. ‘दात – आई’ पुरे. पत्ता, फोन नंबर, मीटिंगची लांबलचक लिंक वर्णनात जाऊ द्या. ‘शेड्यूल’ मांडणीत वर्णन छापायचं की नाही ते विचारलं जातं, तिथली खूण काढून टाका. डॉक्टरांनी काय सांगितलं ते येणाऱ्या-जाणाऱ्याने भिंतीवर वाचण्याची गरज नाही.

तीनपेक्षा जास्त माणसांसाठी आठवड्याचं पानच खरं कामाचं. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत त्यासाठी ‘वीकली अजेंडा स्टाइल’ आहे. मॅकवर ‘फाइल’, ‘प्रिंट’ या मार्गाने गेल्यावर कोणती कॅलेंडरं छापायची ते त्याच खिडकीत निवडता येतं.

चूक ५: माणूस फक्त रंगावरून ओळखणं

रंगीत स्क्रीनवर सोय असते, काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर फजिती. कॅलेंडरमधला गडद हिरवा आणि गडद निळा करड्यात उतरले की जवळजवळ एकच दिसतात, आणि लालही त्यांच्यापासून फार दूर नसतो. नोंदीच्या सुरुवातीला माणसाची खूण लिहा. एका अक्षरावर भागवू नका, कारण ‘आ’ म्हणजे आई, आजी की आजोबा? ‘आई’, ‘आजी’, ‘आबा’ असं दोन-तीन अक्षरांत लिहा आणि घरात ते एकदाच ठरवा. शाई वाचवायची असेल तर ‘कलर अँड स्टाइल’मध्ये ‘आउटलाइन’ निवडा. भरीव पट्ट्यांऐवजी नुसती कड छापली जाते आणि पेनने लिहायला जागाही राहते.

चूक ६: ब्राउझरचा प्रिंट, फोनचा स्क्रीनशॉट

ब्राउझरच्या मेनूतून सरळ प्रिंट दिला तर स्क्रीनवर दिसतं तेवढंच पान छापलं जातं: डावीकडची यादी येते, खालचे तास कापले जातात, आणि ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ची खूण नसेल तर रंग उडतात. स्क्रीनशॉटमध्ये तर ‘आणखी ३’ हे शब्दही जसेच्या तसे कागदावर येतात. ते तीन कोणते, ते मात्र कुणालाच कळत नाही.

संगणकावर कॅलेंडर उघडा, वर उजवीकडच्या दातेरी चाकातून ‘प्रिंट’ निवडा. तारखा, मांडणी आणि अक्षराचा आकार आधी ठरवा. शनिवार-रविवार गायब असतील तर ‘शो वीकेंड्स’ची खूण गेलेली असते. नाकारलेली आमंत्रणं कागदावर येत असतील तर त्यांची खूण राहिलेली असते. मग आधी पीडीएफ करा आणि तीच छापा. ती फाइल घरच्या ग्रुपवर टाकली की परगावी असलेल्यालाही तोच कागद मिळतो.

चूक ७: कागदाचा आकार न पाहणं

प्रिव्ह्यू नीट आहे, पण कडा किंवा खालची ओळ कापली जाते. अशा वेळी एकीकडे ‘लेटर’ आणि दुसरीकडे ‘ए४’ निवडलेलं असतं. लेटर २१६ × २७९ मिलिमीटरचा, म्हणजे ए४ पेक्षा ६ ने रुंद आणि जवळपास १८ ने आखूड. ए४ साठी मांडलेलं पान लेटर समजून छापलं की एक कड जातेच. छपाईच्या खिडकीत आणि प्रिंटरच्या सेटिंगमध्ये, दोन्हीकडे एकच आकार निवडा. त्यानंतरही कापलं जात असेल तर स्केल १०० टक्क्यांऐवजी ‘फिट टू पेज’ करा.

पीडीएफ छापताना जोडाक्षरं तुटली, वेलांट्या भलत्याच अक्षरावर गेल्या, तर अॅडोबी रीडरच्या प्रिंट खिडकीत ‘अॅडव्हान्स्ड’मध्ये ‘प्रिंट अॅज इमेज’वर खूण करा. छपाई जरा सावकाश होते, पण अक्षरं शाबूत राहतात.

चूक ८: वेळेचे घोळ

सगळ्याच नोंदी सारख्या तासांनी सरकल्या असतील तर टाइम झोन चुकलाय. छापणाऱ्याच्या कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये पाहा. एकच नोंद सरकली असेल तर ती लिहितानाच चुकली. दुपारचे १२ लिहिताना रात्रीचे १२ निवडणं ही त्यातली नेहमीची चूक, आणि २४ तासांची पद्धत निवडली की ती निम्मी कमी होते. सहलीची नोंद रात्री १२ ते दुसऱ्या रात्री १२ अशी करू नका, ‘ऑल डे’ करा. नाहीतर टाइम झोन बदलला की ती दोन दिवसांवर पसरते.

दर आठवड्याच्या वर्गाला शेवटची तारीख द्या. ती नसेल तर सत्र संपलेला वर्ग पुढच्या वर्षीच्या कागदावरही छापून येईल. एक दिवस सुट्टी असेल तर ‘धिस इव्हेंट’च काढा. घाईत ‘ऑल इव्हेंट्स’ दाबलं गेलं तर दातेरी चाकातल्या ‘ट्रॅश’मध्ये जा. तिथे नोंदी ३० दिवस राहतात, त्या परत आणता येतात.

चूक ९: कागदावर केलेला बदल कागदावरच ठेवणं

छापल्याक्षणी कागद शिळा व्हायला लागतो. कोपऱ्यात छापल्याची तारीख आणि वेळ लिहा. छपाईचा वार पक्का करा. नवा आठवडा सुरू होण्याआधीची संध्याकाळ सोयीची पडते. त्याआधी सगळ्यांचे फोन इंटरनेटला जोडलेले आहेत ना, ते पाहा आणि कॅलेंडरचं पान रिफ्रेश करा. पेनने केलेली खाडाखोड कॅलेंडरमध्ये चढवायची जबाबदारी एकाकडेच द्या. नवा कागद लावताना जुना लगेच काढा, कारण एकावर एक लावलेल्या दोन कागदांपैकी खालचाच नेमका वाचला जातो.