कल्पात झोप उडाली तेव्हा

ठाण्याहून निघालो आणि शिमल्यात मुक्काम न करता थेट किन्नौरमधलं कल्पा गाठलं. उंची सुमारे २,९०० मीटर. पहिल्या रात्री दोन वाजता दचकून जागी झाले, पाण्यातून डोकं वर काढावं तसा मोठा श्वास घेत. हे जागेच होते. म्हणाले, “अगं, चार-पाच खोल श्वास घेतेस आणि मग एकदम गप्प! मी सेकंद मोजत बसलोय.”

इथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम ७० टक्के. ऑक्सिजन कमी पडतो म्हणून शरीर जोरजोरात श्वास घेतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो. झोपेत श्वासाची आठवण मुख्यतः तोच करून देतो. तो घटला की श्वास थबकतो.

सकाळी हट्टाने धावले (मॅरेथॉनवाल्यांची खोड). पहिल्याच चढाला जीभ बाहेर. मग घड्याळ खिशात टाकलं, गप्पा मारता येतील इतक्याच वेगाने चालले. संध्याकाळची वाइन बंद, झोपेच्या गोळीलाही हात लावला नाही. दोन्हींनी श्वास आणखी मंदावू शकतो. तिसऱ्या रात्री सलग पाच तास झोप लागली. डोकेदुखी, उलट्या असत्या तर मात्र सरळ खाली रेकाँग पिओला उतरले असते.

धावण्याचा वेग काही आला नाही तो नाहीच.